शिवलेली पानं

॥ श्री ॥

लिंबायत, सुरत
२३ जून १९९६

ती. दादास,
जयश्रीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तू वैशूला इथे सोडून गेलास त्याला पंधरवडा होत आला. पोर रुळते आहे, काळजी करू नकोस. माझ्याच शाळेत आठवीत तिचं नाव घातलं. पहिले दोन दिवस शेजारच्या कारखान्यातल्या मागांच्या खडखडाटाने तिचा डोळा लागेना. आता म्हणते, वीज जाऊन माग थांबले की उलट जाग येते. ती मला फुई म्हणून हाक मारते तेव्हा शेजारच्या गुजराती बायका खूश होतात, कारण त्यांच्यातही आत्याला फोईच म्हणतात. सागर तिला गुजराती शिकवतो आणि ती त्याला अहिराणी. तुझा भाचा इतका सुरती झाला आहे की माझ्याकडे पुस्तक मागायचं तर चोपडी मागतो. ग्रंथपालाच्या पोटी हे रत्न!

उधन्याच्या फलाटावर मला बाजूला घेऊन तू जे सांगितलंस, ते अजून माझ्या गळी उतरत नाही. धुळ्याच्या डॉक्टरांनी वहिनीचं पोट उघडलं, पाहिलं आणि काही न करता तसंच बंद केलं. गाठ सगळीकडे पसरली आहे, हिवाळा निघाला तर नशीब. एवढ्या मोठ्या गोष्टीला तू चार वाक्यं खर्च केलीस आणि पाचव्या वाक्यात माझ्याकडून वचन घेतलंस, की वैशूला यातलं काही कळता कामा नये. शिकायला फुईकडे ठेवली आहे, एवढंच तिला ठाऊक असावं. गाडी यायची वेळ झाली होती म्हणून मी हो म्हटलं. म्हटलं आहे तर पाळीन. पण वहिनी मला नुसती वहिनी नाही. प्लेगच्या वर्षी आम्ही सुरतेहून पळून आलो तेव्हा गावाने आम्हाला वेशीबाहेर थांबवलं होतं. वहिनी भर दुपारी डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन आली, आमच्यात बसली आणि आमच्याच ताटात जेवली. त्यानंतर कोणाची बोलायची छाती झाली नाही.

आता माझं दुकान. शाळेच्या ट्रस्टने या वर्षी ग्रंथालयाला नव्या बालकादंबऱ्यांचा गठ्ठा दिला. ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची दोन कपाटं, एक बाक आणि मी. तरी नवा गठ्ठा सोडताना मला अजून हुरूप येतो. मी स्वतः वाचल्याशिवाय पुस्तक कपाटात ठेवत नाही, हे तुला माहीत आहे. निम्मा गठ्ठा झाला. बहुतेक कादंबऱ्यांत मुलं सुट्टीत मामाच्या गावी जातात, गुहेत चोरांची टोळी सापडते आणि शेवटच्या पानावर कलेक्टर येऊन पाठ थोपटतो. आमच्या शाळेत येणारी गोडादऱ्याच्या वस्तीतली पोरं हे वाचतात आणि मला विचारतात की बाई, या मुलांचे वडील कुठल्या पाळीला जातात. पुस्तकात कोणाचे वडील कामालाच जात नाहीत, तर मी काय सांगू?

आणि ज्या कादंबऱ्या खऱ्या वाटतात, त्यांत कोणीतरी मरतं. त्यांचं मी काय करते ते तू पाहिलं आहेस आणि हसलाही आहेस. प्लेगनंतर पाचवीतली एक मुलगी, बाप नुकताच गेलेला, अशाच एका पानाशी अडली आणि दोन दिवस जेवली नाही. तिची आजी शाळेत येऊन माझ्या नावाने ओरडली. तेव्हापासून ज्या पानांत आई किंवा बाप मरतो ती पानं मी कडेने शिवून टाकते. पुस्तकबांधणीची सुई, पांढरा दोरा, चार टाके. काही फाडत नाही, खोडत नाही. मुलं तेवढं उलटून पुढे जातात. मुलांची पुस्तकं आधी वाचणारीने एवढं तरी करावं, असं मला वाटतं.

वहिनीला माझा नमस्कार सांग आणि तिला चुलीशी फार बसू देऊ नकोस. धाकटीवरची माया आहे तेवढी असू दे.

तुझी,
जयश्री

॥ श्री ॥

सावळखेडे
९ जुलै १९९६

चि. सौ. जयश्रीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इकडे पाऊस बरा आहे. माणसं शेतात, त्यामुळे गिरणीवर दळण कमी. तेवढ्यात पट्टा दोनदा तुटला.

तुझ्या वहिनीचं दुखणं कमीजास्त होतं. सकाळी चूल पेटवते, दुपारनंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहते. विचारलं तर सांगते, बरं आहे. डॉक्टरांचं बोलणं तिला किती कळलं आहे, हे मी तिला विचारलेलं नाही. वैशूची आठवण काढते. मी सांगून टाकलं आहे की पोरगी नव्या शाळेत मागे पडली आहे, अभ्यास फार आहे, सध्या तिला यायला जमणार नाही.

वचनावरून तू नाराज दिसतेस. माय गेली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि घरात होतो. तू सहा वर्षांची होतीस, तुला मावशीकडे पाठवलं होतं. तू सुटलीस. मी पाहिलं ते तीस वर्षं डोळ्यांपुढून हललेलं नाही. जत्रेत मला खांद्यावर घेणारी माय, डोक्याला तेल चोळणारी माय आठवायला गेलो, तरी आधी तेच येतं. माझ्या लेकीला तिची आई धडधाकट आठवावी, एवढंच मला पाहिजे. यात काय चूक आहे ते सांग. नको, सांगूच नकोस.

तुझ्या शिवणकामाला मी हसलो असेन. आता हसत नाही. वैशूच्या हाती काय पडतं त्यावर लक्ष ठेव आणि लागतील तिथे टाके घाल.

भाईदासरावांना नमस्कार, सागरला पापा. थोरल्याचं म्हणणं कडू लागलं तरी त्याच्याबद्दलची आपुलकी कमी होऊ देऊ नये.

योगराज

॥ श्री ॥

लिंबायत, सुरत
१८ ऑगस्ट १९९६

ती. दादास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

गठ्ठा वाचून संपला. शेवटी एक निळ्या पुठ्ठ्याची कादंबरी राहिली होती. लेखिका कोणी नवी आहे. शाळा सुटल्यावर सहज उघडली आणि शिपाई कुलूप घेऊन समोर उभा राहिला तरी मला उठवेना. दादा, मुलांसाठी असं कोणी लिहितं हे मला ठाऊक नव्हतं. गुहा नाही, चोर नाही, कलेक्टर तर नाहीच. एका मुलीला तिचे आईवडील मावशीकडे ठेवतात. मुलीला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं म्हणून आपल्याला घालवलं. मग ती मावशीकडे सगळं नीट करायला लागते. न सांगता भांडी घासते, वर्गात पहिली येते, म्हणजे आई परत बोलावील. आई आजारी असते. शेवटाकडच्या दोन प्रकरणांत ती मरते, आणि आजाराचं मुलीला अगदी शेवटच्या घडीला कळतं.

मी छत्तीस वर्षांची बाई, पण मुलांचं पुस्तक उघडलं की सहा वर्षांची होऊन वाचते. हे भिकन सरांना सांगू नकोस, हेडमास्तर माणूस, माझा पगारही सहा वर्षांच्या पोरीचा करतील. मोठ्यांच्या कादंबऱ्यांत लोक मरतात तेव्हा मी पुढचं पान उलटते. मुलांच्या कादंबरीत कोणी मेलं तर मला ते पान उलटवत नाही.

दोन दिवस ते पुस्तक मी टेबलाच्या खणात ठेवलं. कपाटात ठेवलं नाही तर चांगलं पुस्तक मुलांपासून दडवल्यासारखं होतं. ठेवलं तर वैशू आहे, ती माझ्या कपाटातलं एक नवं पुस्तक सोडत नाही. शेवटी दोन्ही प्रकरणं शिवली. नेहमीच्या चार टाक्यांनी भागेना, सबंध कड शिवावी लागली. तिने पुस्तक नेलं, दोन दिवसांनी परत आणून दिलं आणि काहीच बोलली नाही. एरवी पुस्तक संपलं की तिची टकळी तासभर चालते.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. आधी ती रोज दुपारी विचारायची, गावाकडून पत्र आलं का. आता विचारत नाही. मी उठायच्या आत भांडी घासून ठेवते. चाचणीत पहिली आली. भाईदास म्हणतात, पोरगी शहाणी झाली. मला ते शहाणपण बरं वाटत नाही.

वहिनीची खुशाली चार ओळींत का होईना, पण खरी कळव. आपल्या लोभाला पात्र राहावी एवढीच इच्छा.

तुझी,
जयश्री

॥ श्री ॥

सावळखेडे
२० सप्टेंबर १९९६

सौ. जयश्रीबाईंस,
कलाबाईचा नमस्कार. वि. वि.

माझं अक्षर चौथीपर्यंतचं. हसू नका. हे गिरणीवर आहेत तोवर लिहून घेते.

यंदा कानबाईच्या नैवेद्याचे रोट माझ्या हातचे झाले नाहीत. जाऊबाईंनी केले. मी खाटेवरून सांगत होते की गहू सव्वाच्या मापाने घ्या, तरी त्यांनी कमीच घेतले. पोळाही झाला. बैलांना मी दारातूनच ओवाळलं.

माझं दुखणं काय आहे ते मला माहीत आहे. धुळ्याला नर्सबाई आपसांत बोलत होत्या, त्यांना वाटलं मी गुंगीत आहे. मला माहीत आहे हे ह्यांना माहीत नाही. ते इतकं जपून बोलतात की मलाच त्यांची दया येते. म्हणून मी पण काही बोलत नाही.

वैशूचं विचारायचं होतं. हे सांगतात तिला अभ्यास फार आहे, ती यायचं नाही म्हणते. खरंच म्हणते का? निघायच्या दिवशी मी तिच्यावर ओरडले होते. ट्रंकेत जागा नाही म्हणून गोधडी इथेच ठेवून चालली होती. ती गोधडी आम्ही दोघींनी शिवली आहे, अर्धी मी, अर्धी तिने. मी म्हटलं, तिथे सुरतेत तुला पांघरूण घालायला कोण बसलंय. मग तिने मुकाट्याने गोधडी काखेत धरली आणि वळून न पाहता गेली. तो राग तर तिने धरला नाही ना? धरला असेल तर तिला सांगा, मी रागावले नव्हते, मला भीती वाटत होती.

तिला यायचं नसेल तर ओढून आणू नका. यायचं असेल तर लवकर. हे पत्र ह्यांना सांगू नका.

सागरला माझी आठवण द्या. तुमचा जीव आहे माझ्यावर, तो ठेवा.

कलाबाई

॥ श्री ॥

लिंबायत, सुरत
६ ऑक्टोबर १९९६

ती. दादास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

हे पत्र शांतपणे वाच. अर्ध्यात घडी घालून खिशात टाकू नकोस.

काल ग्रंथालयाची कपाटं आवरायला घेतली. निळी कादंबरी हातात आली. शिवलेली कड पाहिली आणि पाहतच राहिले, कारण टाके माझे नव्हते. माझे टाके लांब, घाईचे. मी वाचणारी बाई आहे, शिवणारी नाही. हे टाके बारीक, एकसारखे, तांदळाच्या दाण्याएवढे. दोराही माझा पांढरा नव्हता, गोधडीचा जाड पिवळट दोरा होता. माझ्या लग्नात वहिनीने दिलेली गोधडी मी अजून पांघरते, तो टाका मी डोळे मिटून ओळखीन. वहिनी तर सावळखेड्यात. मग तिच्या हाताखाली शिकलेली दुसरी कोण, हे मला सांगायला कोणी नको होतं.

वैशूला जवळ बसवून विचारलं. ती घाबरली नाही. म्हणाली की दोरा उसवून वाचलं, आणि मला वाईट वाटू नये म्हणून पुन्हा शिवून ठेवलं. आजवर एकाही मुलीने माझा टाका उसवला नाही, मग तूच का, असं मी विचारलं. तेव्हा तिने सगळं सांगितलं. मी कोणती पानं शिवते ते शाळेत सगळ्यांना माहीत आहे म्हणे. टाके दिसले की इथे कोणाची तरी आई नाहीतर बाप मेला, हे पाचवीचं पोरही सांगेल. मुलं ते तसंच ठेवतात, बाईंचा मान म्हणून. पण या पुस्तकातली मुलगी तिच्यासारखीच परक्या गावी ठेवलेली होती, आणि तिच्या पुढचं सगळं शिवलेलं होतं. एवढं सांगून तिने हळूच विचारलं, की मन्ही माय मरी जाई का. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि उठून मलाच पाणी आणून दिलं.

दादा, जे लपवायला मी दोरा घातला ते त्या दोऱ्यानेच तिला सांगितलं. ऑगस्टपासून ती एकटी हे जाणून आहे आणि माझ्या घरात भांडी घासते आहे. माझी मला लाज वाटते.

तू लिहिलं होतंस, मी सुटले. मी सुटले नाही. मावशीने मला सांगितलं की माय माहेरी गेली आहे. मी घरी आले तेव्हा तिची खाट नव्हती. सगळे गप्प होते म्हणून मीही विचारलं नाही. आजवर मी मुलांच्या कादंबऱ्यांतल्या मेलेल्या आया वाचते आणि त्यांच्यातून माझी माय जुळवते. एकीचे हात घेते, दुसरीचा आवाज घेते. खरी माय तुझ्याकडे आहे आणि तू मला तिचा एक शब्द सांगितलेला नाहीस. तू नको तेवढं पाहिलंस, मी काहीच पाहिलं नाही. वैशूला यातलं काय द्यायचं ते तू एकट्याने ठरवू नकोस. वहिनीला काय हवं आहे, तेही एकदा तिला विचार.

दिवाळीला तिला पाठवते. हो म्हण. धाकटीवर रागाव, पण तिला परकी करू नकोस.

तुझी,
जयश्री

॥ श्री ॥

सावळखेडे
१५ ऑक्टोबर १९९६

चि. सौ. जयश्रीस,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं. वैशूला पाठवू नये.

कला आता उठत नाही. अंगावर मांस राहिलेलं नाही. मी नवरा असून तिच्याकडे पाहायचं टाळतो, आणि तू तेरा वर्षांच्या पोरीला पाहायला पाठवतेस. तिला संशय आला असेल तर समजूत घाल की पुस्तकातलं खरं नसतं. तुझं कामच ते आहे, तुला जमेल. कादंबऱ्या वाचून माझं घर कसं चालवायचं ते मला शिकवू नकोस.

थोरला म्हणून आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. एवढं ऐक.

योगराज

॥ श्री ॥

लिंबायत, सुरत
७ नोव्हेंबर १९९६

ती. दादास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

हे पत्र टपालाने येत नाही, भाईदासांच्या खिशातून येतं आहे. म्हणजे तू हे वाचशील तेव्हा वैशू तुझ्या उंबऱ्यापाशी उभी असेल.

तू सांगितलंस तसं करून पाहिलं. पुस्तकातलं खरं नसतं, असं तिला सांगायला बसले आणि मला ते जमलं नाही. इतकी वर्षं मी मुलांना याच्या नेमकं उलट सांगत आले आहे. मग सगळंच सांगितलं. वहिनी कशी दिसेल, किती बोलू शकेल, पुढे काय होणार. ती खूप रडली. मग उठून गोधडीची घडी घातली आणि ट्रंकेवर सुतळीने बांधली.

वचन मी मोडलं आहे. त्याचा राग माझ्यावर जन्मभर धर, मला चालेल. यंदा भाऊबीजेला मी ताट घेऊन येत नाही, तुला माझं तोंड पाहवणार नाही हे मला कळतं. पण वैशूला दारात अडवू नकोस. गावाने आम्हाला वेशीबाहेर ठेवलं होतं तेव्हा तुझ्या बायकोने आम्हाला तसं राहू दिलं नव्हतं.

निळं पुस्तक तिच्याबरोबर दिलं आहे. त्यावर शाळेचा शिक्का आहे, सांभाळ. माझ्यावरची माया संपली असेल तर तिच्या वाट्याची तिला दे.

जयश्री

॥ श्री ॥

सावळखेडे
१२ डिसेंबर १९९६

ती. सौ. फुईस,
वैशालीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

मी लवकर लिहिलं नाही म्हणून रागावू नकोस. इथे वेळ कसा जातो कळत नाही.

आम्ही आलो तेव्हा आप्पा दारातच होते. फुवांनी तुझं पत्र दिलं. आप्पांनी ते उभ्यानेच वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि बाजूला झाले.

माय मला ओळखू आली नसती. तू आधी सांगितलं होतंस म्हणून ओळखली. तिने पहिल्यांदा गोधडीकडे पाहिलं आणि विचारलं, की पांघरत होतीस ना. मी म्हटलं, रोज. मग तिने मला जवळ घेतलं. मी तिच्यावर रागावले नव्हते हे तिला सांगितलं. तीही रागावली नव्हती म्हणे. फुई, आम्ही दोघी पाच महिने उगीचच घाबरत होतो.

निळं पुस्तक मी तिला रोज थोडं वाचून दाखवते. शिवलेल्या पानांपाशी आलो तेव्हा हे सोडून देऊ का, असं विचारलं. ती म्हणाली, आधी टाके पाहू दे. पाहिले आणि म्हणाली की टाके बरे आहेत पण शेवटची गाठ कच्ची राहिली आहे. मग उसवायला सांगितलं. मी वाचलं. त्या पुस्तकात आई मरताना मुलीला दीड पान उपदेश करते. माय हसायला लागली. हसलं की तिला दुखतं, तरी हसली. म्हणाली, मरताना एवढा दम कोणाला असतो? आणि एवढं बोलली त्या बाईने पोरीला हे सांगितलंच नाही की हळद कुठल्या डब्यात आहे, खापरावर पुरणाचा मांडा टाकताना हात कसा फिरवायचा, म्हैस कोणत्या बाजूने दूध काढू देते. तुझ्या फुईला सांग, लेखिकेला लिहून कळव म्हणावं. तेव्हापासून ती मला हे सगळं शिकवते. मांडा अजून फाटतो माझा.

आप्पा गिरणीचा पट्टा शिवायला म्हणून ओट्यावर येऊन बसतात. पट्टा केव्हाच शिवून झाला आहे. त्यांना ऐकू जावं म्हणून मी आता मोठ्याने वाचते. काल प्रकरण संपलं म्हणून थांबले, तर बाहेरून त्यांनी विचारलं, पुढे काय झालं. मायने त्यांना आत येऊन ऐकायला सांगितलं आणि ते आले.

मला भीती वाटते. पण तुझ्याकडे वाटत होती ती वेगळी होती. तिथे मला वाटायचं की माझंच काहीतरी चुकलं. इथे तसं वाटत नाही.

पुस्तक वेळेवर परत करता येणार नाही. दुसऱ्या कोणी मागितलं तर त्यांना थांबायला सांग. सागरला सांग, अहिराणी विसरू नकोस. मला आठवत राहा.

तुझी,
वैशाली

सावळखेडे
२५ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. जयश्रीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तेराव्यानंतर तू सुरतेला परत गेलीस. तू इथे होतीस तेव्हाच बोलायचं होतं, पण घरात माणसं होती आणि मला तोंडाने जमत नाही. म्हणून लिहितो.

वैशू बरी आहे. म्हशीला तिची सवय झाली. मांडा आता अख्खा उतरतो. पुढच्या महिन्यात परीक्षेसाठी तुझ्याकडे येईल आणि पुढे तिथेच शिकेल, तिनेच तसं ठरवलं आहे. मी फक्त हो म्हटलं.

कला गेली तेव्हा वैशू तिच्या केसांतून हात फिरवत होती. मी मागे उभा होतो. खरं सांगायचं तर गिरणीकडे निघून जाणार होतो. पोरीने मागे न पाहता हात पुढे केला आणि माझं बोट धरलं, म्हणून राहिलो. परवा मी तिला विचारलं, की आईची आठवण आली की आधी काय दिसतं. मला उत्तराची धास्ती होती. ती म्हणाली, टाक्यांना नावं ठेवून हसणारी माय दिसते. मी गिरणीत जाऊन इंजिन सुरू केलं आणि त्या आवाजात रडून घेतलं.

तू सगळ्या पुस्तकांचे टाके उसवायला घेतलेस, हे तुझ्या पत्रातून कळलं. पानांच्या कडेला भोकं राहिली आहेत आणि मुलं भोकं असलेली पुस्तकंच आधी मागतात, हे वाचून या घरात बऱ्याच दिवसांनी हसू आलं. रडणारी मुलगी दिसली की तू तिच्या शेजारी बसून ते पान तिच्याबरोबर वाचतेस, तेही वैशूने वाचून दाखवलं. निळं पुस्तक मी स्वतः वाचलं. कलाचं म्हणणं बरोबर आहे, तो उपदेश लांबला आहे. बाकी पुस्तक चांगलं आहे.

तू लिहिलं होतंस की खरी माय माझ्याकडे आहे आणि मी तुला तिचा एक शब्द सांगितलेला नाही. आता सांगतो.

त्या सकाळी तिचा ताप उतरल्यासारखा वाटला. तिने उठून बसवायला सांगितलं. बाबांनी तिच्या पाठीशी धान्याचं पोतं लावलं. तिने तुझा लाल परकर मागितला. त्याचा काठ उसवला होता. माझ्याकडून सुई ओवून घेतली आणि काठ शिवायला लागली. टाके सरळ येत होते. मध्येच थांबून तिने विचारलं, की जयू कुठे आहे. तू मावशीकडे होतीस. आजीने सांगितलं, निजली आहे. ती पुन्हा शिवायला लागली. थोड्या वेळाने दाराकडे पाहत तिने परत विचारलं, की अजून उठली नाही का. आजी म्हणाली, नाही. तेव्हा तिने परकर मांडीवर ठेवला आणि म्हणाली, असू द्या, निजू द्या तिला. त्यानंतर ती बोलली नाही.

तीस वर्षं माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं ते हे होतं, जयू. तिचं मरण नव्हे. तिचं दाराकडे पाहणं.

तुझा परकर बाबांच्या ट्रंकेत तळाशी तसाच आहे. काठ अर्धा शिवलेला आहे. वैशूबरोबर पाठवतो. या भावाला उशीर झाला, तरी त्याला आपला म्हणत राहा.

योगराज

ता. क. सुई अजून काठातच टोचलेली आहे. ती मी काढलेली नाही. गंजली आहे, हात जपून लाव.